मॅजिक: द गॅदरिंगमधील सुटलेला ट्रिगर

सुटलेला ट्रिगर ही मॅजिक: द गॅदरिंग या संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील पंचकामाची एक संज्ञा आहे. पत्त्यावर लिहिलेली एखादी गोष्ट ठरावीक प्रसंगी आपोआप घडायला हवी असते, परंतु तो पत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खेळाडूला तिचा विसर पडतो आणि खेळ पुढे सरकतो. अशा वेळी ती गोष्ट घडली असे मानायचे की नाही, कोणाला जबाबदार धरायचे आणि डाव कसा सावरायचा, हे या संज्ञेखालील नियम ठरवतात. या नियमांची सर्वांत वादग्रस्त बाजू अशी की, विसरलेली गोष्ट लक्षात आणून देण्याचे बंधन प्रतिस्पर्ध्यावर नसते आणि शेजारी उभा असलेला पंचही बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. मात्र स्वतःच्या पत्त्याचा परिणाम जाणूनबुजून विसरणे ही लबाडी समजली जाते आणि तिची शिक्षा स्पर्धेतून बाद होणे ही आहे.

ट्रिगरचे स्वरूप

मॅजिक हा खेळ अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. साधारणपणे दोन खेळाडू आपापला, किमान ६० पत्त्यांचा गठ्ठा घेऊन बसतात. प्रत्येकाकडे सुरुवातीला २० जीवनगुण असतात आणि प्रतिस्पर्ध्याचे जीवनगुण शून्यावर आणणे हा जिंकण्याचा मुख्य मार्ग असतो. नेहमीच्या बावन्न पत्त्यांच्या खेळात नियम खेळाडूंच्या डोक्यात असतात आणि पत्त्यावर फक्त रंग व किंमत असते. मॅजिकमध्ये मात्र प्रत्येक पत्ता स्वतःचा छोटासा नियम अंगावर वागवतो. टेबलावर दहाबारा पत्ते मांडलेले असले की तितकेच नियम एकाच वेळी जागे असतात.

यांपैकी काही नियम खेळाडूने स्वतःहून वापरायचे असतात, काही सतत लागू असतात, तर काही विशिष्ट घटना घडली की जागे होतात. या तिसऱ्या प्रकाराला ट्रिगर म्हणतात. पत्त्यावरील वाक्याची सुरुवात ‘जेव्हा’, ‘जेव्हा जेव्हा’ किंवा ‘अमुक टप्प्याच्या सुरुवातीला’ अशा अर्थाच्या शब्दांनी झाली की तो ट्रिगर समजावा. सोल वॉर्डन हा पत्ता याचे सोपे उदाहरण आहे. दुसरा कोणताही प्राणी मैदानात उतरला, मग तो कोणाचाही असो, की सोल वॉर्डनच्या खेळाडूला एक जीवनगुण मिळतो. पत्ता ज्याच्या ताब्यात असतो त्याला नियंत्रक म्हणतात. ट्रिगर जागा झाला की तो स्टॅक नावाच्या काल्पनिक रांगेत जातो. दोन्ही खेळाडूंना प्रत्युत्तर देण्याची संधी मिळते आणि कोणी काही केले नाही तर ट्रिगरचा परिणाम घडतो.

खेळाच्या सर्वंकष नियमावलीतील ६०३ क्रमांकाचा नियम ट्रिगरविषयी आहे. त्याच्या दृष्टीने ट्रिगर आपोआप जागा होतो, त्यासाठी कोणी काही बोलण्याची गरज नसते. म्हणजे नियमावलीच्या जगात ट्रिगर सुटूच शकत नाही. प्रत्यक्षात मात्र पत्ते कागदाचे असतात, खेळाडू दमलेले असतात, दिवसभरात आठनऊ फेऱ्या व्हायच्या असतात आणि प्रत्येक फेरीला घड्याळ लावलेले असते. नियमावलीने गृहीत धरलेला अचूक खेळ आणि टेबलावर घडणारा माणसांचा खेळ यांतील अंतर भरून काढण्याचे काम स्पर्धेचे स्वतंत्र धोरण करते. वरच्या पातळीच्या स्पर्धांसाठी नियमभंग व शिक्षा यांची एक मार्गदर्शिका आहे आणि तिच्यात सुटलेला ट्रिगर हा वेगळा गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. स्थानिक दुकानातल्या साध्या स्पर्धांना ती मार्गदर्शिका लागू होत नाही. त्यांच्यासाठी आटोपशीर सूचनांचा एक निराळा दस्तऐवज आहे.

जुने धोरण आणि बदल

पूर्वी डावाची स्थिती अचूक राखण्याची जबाबदारी दोन्ही खेळाडूंवर सारखीच होती. नियंत्रक आपला सक्तीचा ट्रिगर विसरला तर त्याला ताकीद मिळे, आणि प्रतिस्पर्ध्याच्याही ते ध्यानात आले नाही तर डावाची स्थिती न राखल्याबद्दल त्यालाही ताकीद मिळे. प्रतिस्पर्ध्याने पाहूनही मुद्दाम मौन धरले तर ती फसवणूक ठरत असे. तत्त्व म्हणून हे निर्दोष दिसते, पण व्यवहारात त्याचा अर्थ असा होई की आपल्याला हरवू पाहणाऱ्याच्या पत्त्यांवर लक्ष ठेवायचे, तो विसरला की त्याला आठवण करून द्यायची आणि स्वतः हरायचे. आठवण न करून देणारा प्रत्येक खेळाडू संशयाच्या छायेत येई. त्याने पाहिले होते की नव्हते, हे ठरवायला पंचाजवळ साधन नसे.

२०११ च्या अखेरीपासून २०१२ पर्यंत हे धोरण टप्प्याटप्प्याने बदलण्यात आले. आपला ट्रिगर आठवणे हे नियंत्रकाचे काम आणि त्याच्या कौशल्याचा भाग आहे, असे नवे तत्त्व आले. प्रतिस्पर्धी हवे असल्यास आठवण करून देऊ शकतो, पण त्याच्यावर सक्ती नाही. सुटलेला ट्रिगर नियंत्रकाच्या फायद्याचा असेल तर शिक्षाही नाही, कारण फायदा गमावणे हीच पुरेशी शिक्षा मानली जाते. ट्रिगर नियंत्रकाला सर्वसाधारणपणे तोट्याचा असेल तर मात्र ताकीद दिली जाते. तोटा की फायदा हे त्या क्षणीच्या डावावरून ठरत नाही, त्या पत्त्याच्या स्वभावावरून ठरते. फिरेक्सियन अरीना हा पत्ता दर पाळीला एक नवा पत्ता देतो आणि एक जीवनगुण घेतो. शेवटचा एकच गुण शिल्लक असलेल्याला तो प्राणघातक असला तरी धोरणाच्या दृष्टीने तो ट्रिगर फायद्याचाच राहतो. हा निकष कठोर वाटतो, पण दर वेळी डाव तोलून पाहायला लागले असते तर दोन पंचांचे दोन निकाल आले असते.

ट्रिगर केव्हा सुटतो

ट्रिगर सुटला असे म्हणायचे तर त्याची आठवण ठेवल्याचे केव्हापर्यंत दाखवायला हवे होते, हे आधी ठरले पाहिजे. प्रत्येक ट्रिगर मोठ्याने जाहीर करायला लावला तर खेळ रेंगाळेल, म्हणून धोरण ट्रिगरच्या जातीनुसार मुदत ठरवते.

ज्या ट्रिगरला लक्ष्य निवडावे लागते, किंवा स्टॅकवर ठेवतानाच काही निवड करावी लागते, तो नियंत्रकाने पुढची संधी प्रतिस्पर्ध्याकडे सोपवण्याआधी जाहीर करायला हवा. ज्याने डावाची दिसणारी स्थिती बदलते, उदाहरणार्थ जीवनगुण वाढतात किंवा पत्ता हातात येतो, त्याची कृती ट्रिगर पार पडल्यानंतरच करता येईल अशी कोणतीही पुढची चाल करण्याआधी व्हायला हवी. सोल वॉर्डनच्या खेळाडूने प्राणी उतरवला, जीवनगुण लिहिला नाही आणि त्याच प्राण्याने हल्ला केला, तर तो गुण सुटला. ज्या ट्रिगरमुळे खेळाचा नियमच बदलतो, त्याच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्याने त्या बदलाविरुद्ध चाल केली की लगेच त्याला थांबवणे पुरेसे असते.

सर्वांत नाजूक प्रकार डोळ्यांना न दिसणाऱ्या बदलाचा आहे. नोबल हायरार्क हा पत्ता मैदानात असताना एकच प्राणी हल्ल्याला निघाला तर त्या प्राण्याची ताकद त्या पाळीपुरती एकाने वाढते. टेबलावर काहीही हलत नाही, पत्ता होता तसाच पडून राहतो. म्हणून नियंत्रकाने हल्ल्याच्या वेळी काहीच न बोलणे चालते. बदलाचा परिणाम पहिल्यांदा दिसणाऱ्या स्थितीवर होईल तेव्हा मात्र तो स्पष्ट व्हायलाच हवा. दोन ताकदीच्या प्राण्याला कोणी अडवले नाही आणि नियंत्रक म्हणाला, “तीन लागले,” तर ट्रिगर आठवणीत होता. तो “दोन” म्हणाला, किंवा प्रतिस्पर्ध्याने मोठ्याने दोन गुण वजा केले आणि त्याने ते मान्य केले, तर ट्रिगर सुटला. नंतर तिसऱ्या गुणासाठी हात वर करून उपयोग नाही.

याला एक महत्त्वाचा बांध आहे. प्रतिस्पर्ध्याने घाईघाईने चाल करून किंवा टप्पा पुढे ढकलून ट्रिगर सुटायला लावू नये. त्याने भराभर पत्ते टाकले आणि नियंत्रकाला तोंड उघडायलाच वेळ मिळाला नाही, तर तो ट्रिगर सुटलेला धरला जात नाही. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत नियंत्रकाने स्वतः काही सक्रिय हालचाल करण्यापूर्वी ट्रिगरची आठवण दाखवली, की ती वेळेतच मानली जाते.

दुरुस्ती

ट्रिगर सुटल्याचे ध्यानात आले आणि पंचाला बोलावले, तर पंच आधी तो कोणत्या विशेष प्रकारात बसतो ते पाहतो. ‘अमुक केले नाहीस तर तमुक होईल’ असे ज्या ट्रिगरमध्ये लिहिलेले असते, तिथे न केल्याचा परिणाम लागू होतो. पॅक्ट ऑफ निगेशन हे याचे कुप्रसिद्ध उदाहरण आहे. हा पत्ता प्रतिस्पर्ध्याचा मंत्र फुकटात रद्द करतो, पण पुढच्या पाळीच्या सुरुवातीला त्याची पाच मानांची किंमत चुकवावी लागते, न चुकवल्यास डाव हरला असे पत्त्यावरच लिहिलेले आहे. खेळाडू पाळी सुरू करून थेट नवा पत्ता उचलतो, प्रतिस्पर्धी पॅक्टकडे बोट दाखवतो आणि डाव तिथेच संपतो. हातात किंमत चुकवण्याइतका माना होता, ही सबब चालत नाही.

पत्ता तात्पुरता हलवून नंतर परत आणणारे विलंबित ट्रिगर कितीही उशिरा आठवले तरी पार पाडले जातात, कारण तसे न केल्यास एखादा पत्ता कायमचा चुकीच्या जागी पडून राहील. ते ताबडतोब पार पाडायचे की पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीला, याची निवड प्रतिस्पर्ध्याकडे असते. उरलेल्या सर्वसामान्य ट्रिगरांसाठी नियम सोपा आहे. परिणामाची मुदत संपली असेल किंवा चूक होऊन एका पाळीहून अधिक काळ लोटला असेल, तर खेळ जसा आहे तसा पुढे चालू राहतो. तेवढा काळ लोटलेला नसेल तर ट्रिगर आता स्टॅकवर ठेवायचा की नाही हे प्रतिस्पर्धी ठरवतो. तो अर्थातच स्वतःच्या सोयीचे तेच निवडतो आणि धोरणाला ते मान्य आहे.

मौन आणि असत्य

या नियमांची खरी कसोटी चॅलिस ऑफ द व्हॉइड या पत्त्यावर लागते. २००३ च्या मिरोडिन या संचात आलेल्या या पत्त्यावर काही खुणेच्या सोंगट्या ठेवलेल्या असतात. तितक्याच माना-मूल्याचा मंत्र कोणत्याही खेळाडूने टाकला की तो रद्द होतो. चॅलिसवर एक सोंगटी असताना समोरच्या खेळाडूने एका मानाचा मंत्र टाकला, तर चॅलिसच्या नियंत्रकाने “रद्द” म्हणायला हवे. तो म्हणाला नाही आणि मंत्राचा परिणाम घडला, तर चॅलिसचा ट्रिगर सुटला.

मग चॅलिस समोर दिसत असताना, नियंत्रक विसरेल या आशेने मुद्दाम एका मानाचा मंत्र टाकावा काय? धोरणानुसार हे वैध आहे. मंत्र टाकण्यास चॅलिस मनाई करत नाही, ते फक्त तो रद्द करते, आणि रद्द करण्याची आठवण नियंत्रकाने ठेवायची असते. पुष्कळ खेळाडूंना ही चाल हलकी वाटते, तर काहींच्या मते समोरच्याचे लक्ष पारखणे हाही खेळच आहे. हा मतभेद शिष्टाचाराचा आहे, नियमाचा नाही.

नियमाची रेषा त्यापुढे सुरू होते. चॅलिसच्या नियंत्रकाने विचारले, “यावर सोंगट्या किती?” तर समोरच्याला खोटा आकडा सांगता येत नाही. डावाच्या उघड स्थितीविषयी खेळाडू गप्प राहू शकतो, पण चुकीची माहिती देऊ शकत नाही. उलट बाजूनेही तितकीच कडक अट आहे. चॅलिसच्या नियंत्रकाने स्वतःच एका मानाचा मंत्र टाकला आणि आपल्याच चॅलिसकडे कानाडोळा केला, तर ते विसरणे नव्हे. स्वतःचा ट्रिगर माहीत असून लाभासाठी दडपणे ही फसवणूक आहे. बाहेरून मात्र प्रामाणिक विसराळू आणि लबाड अगदी सारखे दिसतात, आणि पंचाच्या कामातील खरी अडचण इथेच असते.

पंचाची भूमिका

डाव पाहणारा पंच फायद्याचा ट्रिगर सुटताना दिसला तरी मध्ये पडत नाही. ताकीद द्यावी लागेल असा तोट्याचा ट्रिगर असेल, किंवा मुद्दाम विसरल्याचा संशय असेल, तरच तो खेळ थांबवतो. याचे एक कारण तत्त्वाचे आहे, कारण पंचाने आठवण करून दिली तर एका खेळाडूला बाहेरून मदत मिळाली असे होईल. दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. मोठ्या स्पर्धेत शेकडो टेबले आणि मोजके पंच असतात. ज्या टेबलाशी योगायोगाने पंच उभा असेल तिथे ट्रिगर आठवतील आणि इतरत्र सुटतील, ही असमानता धोरणाला नको आहे. प्रेक्षकांनाही हाच नियम लागू आहे.

बोलावल्यावर पंच दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतो. शेवटची प्रत्यक्ष चाल कोणती झाली, त्यानंतर कोण काय म्हणाले, जीवनगुणांच्या कागदावर काय लिहिले आहे आणि ट्रिगरची आठवण कोणाला, कशामुळे झाली, या गोष्टी तो विचारतो. संशय असेल तर खेळाडूंना टेबलापासून दूर नेऊन वेगवेगळे विचारले जाते. ट्रिगर विसरल्याने खेळाडूचा फायदा झाला का आणि असे करणे नियमाविरुद्ध आहे हे त्याला माहीत होते का, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. निकाल मान्य नसल्यास मुख्य पंचाकडे दाद मागता येते, आणि या चौकशीत गेलेला वेळ फेरीला जोडून दिला जातो.

शब्दांचा नेमका अर्थ किती महत्त्वाचा ठरतो, हे २०१७ च्या फेब्रुवारीत डब्लिन येथे झालेल्या प्रो टूरमध्ये दिसले. एका खेळाडूने आपल्या पाळीत हल्ल्याकडे वळत असल्याचे सांगितले आणि त्यानंतर हल्ल्याच्या आरंभीच्या टप्प्यात काही करायचे ठरवले. तेव्हाच्या प्रचलित संकेतानुसार असे बोलणे म्हणजे तो टप्पा ओलांडून थेट हल्लेखोर जाहीर करण्यापर्यंत पोहोचणे होते, म्हणून त्याची संधी गेली असा निकाल लागला. हा निकाल नियमाला धरून होता, परंतु सामान्य बोलण्यातला अर्थ आणि संकेताचा अर्थ यांत इतके अंतर असणे बरे नाही, असे मत बळावले. त्याच वर्षी संकेत बदलण्यात आला आणि हल्ल्याकडे वळल्याचे सांगितल्यानंतरही आरंभीच्या टप्प्यातील ट्रिगर जाहीर करण्याची मुभा मिळाली.

साध्या स्पर्धांमध्ये सूर निराळा असतो. ट्रिगरमध्ये ‘करू शकतो’ असा पर्याय असेल तर खेळाडूने तो नाकारला असे धरतात. सक्तीचा ट्रिगर असेल तर आता तो लागू केल्याने डाव फार विस्कटेल का, हे पंच आपल्या विवेकाने ठरवतो. तो न घडल्याचे गृहीत धरून महत्त्वाचे निर्णय झालेले असतील तर तो सोडून दिला जातो. इथेही प्रतिस्पर्ध्याने आठवण करून देणे ऐच्छिकच आहे, पण नवख्या खेळाडूला आठवण करून देण्याची रीत बहुतेक ठिकाणी पाळली जाते.

इतर खेळांतील समांतर नियम

हक्क असूनही तो वेळेत न मागितल्याने गमावणे, ही कल्पना मराठी वाचकाला क्रिकेटमधून परिचयाची आहे. क्रिकेटच्या नियमावलीतील ३१ व्या नियमानुसार क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देत नाही, मग चेंडू पायावर आदळलेला त्याला स्पष्ट दिसला असला तरीही. अपील पुढच्या चेंडूसाठी गोलंदाज धाव सुरू करण्याआधी व्हायला हवे, त्यानंतर ते निरर्थक असते. बुद्धिबळात एकच स्थिती तीनदा आली तर खेळाडूला बरोबरी मागता येते, पण मागितली नाही तर डाव चालू राहतो. २०१४ पासून पाचव्यांदा स्थिती आल्यास मात्र पंच स्वतः डाव बरोबरीत सोडवतो.

यवतमाळपासून कोकणापर्यंत घरोघरी खेळल्या जाणाऱ्या मेंढीकोटात उतारीचा रंग हातात असून तो न देणे ही चूक आहे. ती मात्र सुटलेल्या ट्रिगरच्या जातीची नाही, कारण समोरच्याचे पत्ते झाकलेले असल्याने ती कोणाला दिसतच नाही. स्पर्धात्मक ब्रिजमध्ये म्हणूनच अशा चुकीला भरपाईचे हात ठरवून दिलेले आहेत आणि दोषी बाजूने पुढच्या हाताला पत्ता टाकला की ती चूक पक्की होते. मॅजिकमध्ये ट्रिगर उघड्या पत्त्यावर लिहिलेला असतो, दोघांनाही दिसतो, आणि म्हणूनच तो विसरण्याचा दोष एकट्या नियंत्रकावर टाकता येतो.

इतर संग्राह्य पत्त्यांच्या खेळांनी निराळे मार्ग पत्करले आहेत. पोकेमॉनमध्ये पाळ्यांच्या मधल्या तपासणीत विषबाधेची हानी नोंदवणे हे दोन्ही खेळाडूंचे काम समजले जाते. यु-गि-ओहमध्ये ‘वेळ चुकणे’ अशी संज्ञा आहे, पण तिचा विसरण्याशी संबंध नाही. काही ऐच्छिक परिणामांना जागे करणारी घटना ही सर्वांत शेवटी घडलेली गोष्ट नसेल तर ते परिणाम वापरताच येत नाहीत, असा तो खेळाचाच नियम आहे. दोन्ही खेळ खेळणाऱ्यांची या नामसाधर्म्यामुळे अनेकदा गफलत होते.

संगणकावरील खेळ

२०१९ मध्ये अधिकृतपणे सुरू झालेल्या मॅजिक: द गॅदरिंग अरीना या संगणकीय आवृत्तीत ट्रिगर सुटत नाही. संगणक तो स्वतः जागा करतो, रांगेत लावतो आणि निवड करायची असेल तर खेळाडूला थांबवून विचारतो. नियमावलीला अभिप्रेत असलेला अचूक खेळ इथे खरोखर घडतो. ज्या गावात खेळाचे दुकान नाही आणि पंचही नाही, तिथला विद्यार्थी हा खेळ मोबाइलवर शिकला, तर त्याला नियम पक्के येतात, पण ते स्वतः अमलात आणण्याची सवय लागत नाही. असा खेळाडू पहिल्यांदा टेबलावर बसतो तेव्हा सोल वॉर्डनचा गुण लिहायचा राहतो आणि समोरचा काही बोलत नाही. टेबलावर खेळणारे अनुभवी खेळाडू यासाठी साधे उपाय करतात. गठ्ठ्याच्या वरच्या पत्त्यावर एखादी सोंगटी किंवा फासा ठेवला की, पाळीच्या सुरुवातीला पत्ता उचलताना तो हाताला लागतो आणि ट्रिगरची आठवण होते. स्पर्धेत अशा खुणांना परवानगी आहे आणि पॅक्ट ऑफ निगेशन वापरणारे बहुधा त्या ठेवतात.